कौतुक नेमके कोणाच्या कामाचे? एका उदयोन्मुख कॉमिक्स लेखकावरील समीक्षेचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण समीक्षेला वाहिलेल्या एका नियतकालिकाच्या संपादन विभागात घडले आणि त्यातील बहुतेक निर्णयांची जबाबदारी माझ्याकडे होती. संबंधितांची ओळख उघड होऊ नये म्हणून कोणाचेही नाव दिलेले नाही आणि कॉमिक्सच्या कथानकातील काही तपशील बदलले आहेत. निर्णय ज्या क्रमाने आणि ज्या कारणांनी घेतले गेले, तो भाग मात्र जसाच्या तसा ठेवला आहे.

ज्या लेखकाविषयी हे लेखन आहे, त्यांच्या नावावर तोपर्यंत दोनच छोट्या कॉमिक्स होत्या. तिसरे काम म्हणजे प्रत्येकी वीस पानांच्या पाच अंकांची एक मर्यादित मालिका. तिची नायिका पियानोचे सूर जुळवणारी कारागीर आहे आणि तिला हळूहळू ऐकू येईनासे होत आहे. पियानोला साधारणपणे ८८ पट्ट्या आणि सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात. सूर जुळवणारा माणूस दोन तारांमधील अगदी सूक्ष्म फरकातून निर्माण होणारी आंदोलने कानाने टिपतो आणि ती विरेपर्यंत तार ताणत राहतो. ज्या व्यक्तीचे पोट आणि प्रतिष्ठा दोन्ही कानावर अवलंबून आहेत, तिचा कानच साथ सोडू लागला तर ती काय लपवेल, कोणापासून लपवेल आणि किती दिवस लपवू शकेल, एवढाच या मालिकेचा विषय आहे. तो लेखकाने पाच अंकांत ज्या संयमाने हाताळला, त्याचे मला तेव्हा फार अप्रूप वाटले आणि आजही वाटते.

मालिका पूर्ण झाल्यावर आमच्या एका अनुभवी समीक्षिकेला मी लेख लिहायला सांगितला. माझ्या निरोपातील शब्द होते, ‘या नव्या लेखकावर भरभरून लिहा.’ पुढे जी अडचण उभी राहिली, तिचे मूळ याच वाक्यात होते, हे माझ्या लक्षात बरेच उशिरा आले.

अडचण

लेख वेळेत आला आणि तो उत्तम होता. भाषा प्रवाही होती, आवेग खरा होता आणि वाचून झाल्यावर मालिका पुन्हा हातात घ्यावीशी वाटत होती. तरीही छपाईपूर्वीच्या वाचनात तीन ठिकाणी मी अडखळलो.

पहिले ठिकाण चौथ्या अंकातील सलग आठ पानांच्या निःशब्द प्रसंगाचे होते. एका मोठ्या मैफलीच्या आदल्या रात्री नायिका रिकाम्या सभागृहात एकटीच पियानो जुळवत बसली आहे आणि त्या आठ पानांत एकही शब्द नाही. समीक्षिकेने या प्रसंगाला ‘लेखकाच्या कारकिर्दीचा कळस’ म्हटले होते. जिथे लेखकाचा एकही शब्द छापलेला नाही, ती पाने लेखकाचा कळस ठरवताना ती कशी घडली हे ठाऊक असायला हवे होते, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते.

दुसरे ठिकाण संवादांच्या फुग्यांचे होते. नायिकेचे ऐकणे कमी होत जाते तसतशी इतरांच्या फुग्यांतील अक्षरे गळू लागतात आणि शेवटी काही फुगे कोरेच उरतात. लेखात म्हटले होते की ही कल्पना कॉमिक्समध्ये प्रथमच आली आहे आणि ती या लेखकाची देणगी आहे. हे विधान उघडपणे चुकीचे होते. सेसी बेल यांच्या २०१४ मधील ‘एल डेफो’ या आत्मकथनपर कॉमिक्समध्ये श्रवणयंत्राची बॅटरी संपत येते तशी फुग्यांतील अक्षरे फिकट होत जातात आणि अखेर फुगा रिकामा होतो. ‘हॉकआय’ मालिकेच्या त्याच वर्षी आलेल्या एकोणिसाव्या अंकात मॅट फ्रॅक्शन आणि डेव्हिड आहा यांनीही रिकाम्या फुग्यांचा आणि सांकेतिक भाषेचा वापर केला होता. त्यामुळे ‘प्रथमच’ हा शब्द काढणे अपरिहार्य होते. पण तो काढल्यावर ‘मग या मालिकेत नवे काय?’ हा प्रश्न उरत होता आणि त्याचे उत्तर लेखात नव्हते.

तिसरे ठिकाण म्हणजे जे लेखात नव्हतेच ते. चित्रकाराचे नाव एकदा, तेही मालिकेच्या माहितीच्या ओळीत आले होते. रंगकाम करणाऱ्याचे आणि लेटरिंग करणाऱ्याचे, म्हणजे फुग्यांतील अक्षरे रेखणाऱ्या लेटररचे, नाव कुठेच नव्हते. ज्या मालिकेत फुग्यातील अक्षरे गळणे हेच कथानक आहे, तिच्यावरील लेखात लेटररचे नाव नसणे ही किरकोळ चूक मानता येत नव्हती.

कॉमिक्समध्ये श्रेयाचा प्रश्न जुना आहे आणि त्याने माणसांचे खरे नुकसान केलेले आहे. १९३९ मध्ये अवतरलेल्या बॅटमॅनच्या घडणीत बिल फिंगर या लेखकाचा वाटा मोठा होता. पण १९७४ मध्ये ते वारले तोवर त्यांना सहनिर्माता म्हणून अधिकृत श्रेय मिळाले नव्हते. ते २०१५ मध्ये दिले गेले. उलट बाजूने पाहिले तर १९६०च्या दशकात मार्व्हलमध्ये रूढ असलेल्या पद्धतीत लेखक कथेचा थोडक्यात आराखडा देत असे, चित्रकार त्यावरून संपूर्ण अंक पानांत आणि चौकटींत मांडत असे आणि संवाद त्यानंतर भरले जात. अशा अंकाच्या गतीचे, चौकटींच्या मांडणीचे किंवा शांततेचे कौतुक संवाद लिहिणाऱ्याच्या नावे जमा करणे म्हणजे चित्रकाराचे काम दुसऱ्याच्या खात्यात टाकणे होय. आज अनेक लेखक पूर्ण संहिता लिहितात, प्रत्येक चौकटीत काय दिसावे हेही सांगतात. पण छापील पान पाहून कोणती पद्धत वापरली गेली हे ओळखता येत नाही. १९८८ मध्ये सुरू झालेल्या, कॉमिक्ससाठीच्या आयस्नर पुरस्कारांत लेखन, चित्रण, रंगकाम आणि लेटरिंग यांसाठी स्वतंत्र विभाग आहेत, ते या कामांचे वेगळेपण मान्य करूनच. समीक्षेत मात्र ‘अमुक लेखकाचे कॉमिक्स’ असे म्हणण्याची सवय आम्हा सर्वांनाच लागलेली आहे.

विचारात घेतलेले पर्याय

समीक्षिका आणि मी या तीन मुद्द्यांवर दीर्घ चर्चा केली. ‘प्रथमच’चा दावा त्यांनी तत्काळ मागे घेतला. उरलेल्या दोन मुद्द्यांवर मात्र आमच्यात खरा मतभेद होता आणि त्यांची बाजू कमकुवत नव्हती. त्यांचे म्हणणे असे की समीक्षा ही छापील कृतीची होते, तिच्या निर्मितीच्या इतिहासाची नव्हे. वाचकासमोर जे आले त्यावर लिहिण्यासाठी पडद्यामागे डोकावण्याची गरज नाही. मी हे तत्त्व मान्य केले, पण लेखाने ते स्वतःच मोडले होते हेही दाखवून दिले. ‘ही आठ पाने अप्रतिम आहेत’ हे कृतीविषयीचे विधान आहे, तर ‘ही आठ पाने या लेखकाची कामगिरी आहे’ हे निर्मितीविषयीचे विधान आहे, आणि त्याला आधार लागतो.

सर्वांत सोपा मार्ग सर्व सहकाऱ्यांची नावे घालणारे एक वाक्य जोडून लेख छापण्याचा होता. तो मला पटला नाही, कारण नावांची यादी दिल्याने कोणी काय केले हे कळत नाही आणि यादीनंतरची सगळी वाक्ये पुन्हा लेखकाचेच गुणगान करत राहतात. दुसरा मार्ग विषयच बदलून ‘ही मालिका’ असा करण्याचा होता. तो निर्दोष होता, पण एका नव्या लेखकाची ओळख करून देण्याचा मूळ हेतू त्यात हरवत होता. नव्या लेखकाला नेमक्या शब्दांत दाद मिळणे किती दुर्मीळ असते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा हेतू सोडवत नाही.

तिसरा मार्ग लेखकालाच विचारण्याचा होता आणि त्यातच सर्वांत जास्त धोका होता. ज्याच्यावर समीक्षा लिहायची त्याच्याशी प्रकाशनापूर्वी संपर्क साधला की लेखाच्या स्वातंत्र्याविषयी शंका घेता येते. शिवाय कौतुक होणार आहे हे कळल्यावर माणूस संकोचाने किंवा मोहाने उत्तरे रंगवू शकतो. बराच विचार करून आम्ही हा मार्ग काही मर्यादा घालून स्वीकारला. लेखाचा मसुदा कोणालाही दाखवायचा नाही, मत विचारायचे नाही, केवळ वस्तुस्थितीविषयी तीन प्रश्न विचारायचे, आणि तेच प्रश्न लेखक, चित्रकार व लेटरर या तिघांना स्वतंत्रपणे एकाच दिवशी पाठवायचे. लेख त्या आठवड्याच्या अंकातून काढून पुढच्या अंकात घेतला.

प्रत्यक्ष कृती

तिघांचीही उत्तरे चार दिवसांत आली आणि ती एकमेकांशी जुळणारी होती. लेखकाने सहकाऱ्यांच्या संमतीने मूळ संहितेची काही पानेही पाठवली. त्या पानांनी लेखाची दिशा बदलली.

चौथ्या अंकातील तो प्रसंग संहितेत निःशब्द नव्हताच. त्यात नायिकेच्या मनोगताच्या नऊ चौकोनी पट्ट्या होत्या आणि त्या वाईट लिहिलेल्याही नव्हत्या. चित्रकाराने पेन्सिलचे कच्चे काम पाठवताना तिचा हात तारेवरून निघून पियानोच्या लाकडावर टेकतो अशी एक चौकट जादा घातली होती. ती कानाऐवजी तळहाताने कंपने जोखत होती. ही चौकट पाहिल्यावर लेखकाने नऊच्या नऊ पट्ट्या काढून टाकल्या. समीक्षिकेने ज्याला कळस म्हटले होते, तो कळसच होता. पण तो लिहिण्याचा नसून लिहिलेले मागे घेण्याचा होता आणि चित्रकाराच्या चौकटीशिवाय तो घडला नसता.

फुग्यांचा इतिहास त्याहून उद्बोधक निघाला. संहितेत केवळ ‘बोलणे अस्पष्ट ऐकू येते’ अशी सूचना होती. वयानुसार होणाऱ्या श्रवणदोषात बहुधा उंच पट्टीचे ध्वनी आधी हरवतात आणि त्यामुळे ‘स’सारखी घर्षक व्यंजने स्वरांच्या आधी ऐकू येईनाशी होतात, हे लेटररने वाचले होते. सगळी अक्षरे सारखी फिकट करण्याऐवजी आधी केवळ अशी व्यंजनेच गाळावीत, ही सूचना त्याची. ती ऐकल्यावर लेखकाने शेवटच्या तीन अंकांतील संवाद पुन्हा लिहिले आणि जिथे गैरसमज व्हायला हवा तिथे अशी व्यंजने असलेले शब्द आणले. परिणामी वाचकही नायिकेसारखाच शब्द अर्धवट वाचतो, चुकीचा अर्थ लावतो आणि पुढच्या चौकटीत चूक कळून ओशाळतो. ‘मग या मालिकेत नवे काय?’ या प्रश्नाचे उत्तर इथे होते. रिकामा फुगा जुनाच होता. शब्दातील कोणता ध्वनी आधी जातो यावर अख्खा संवाद बेतणे हा या मालिकेचा स्वतःचा विचार होता आणि त्यात दोघांचे डोके होते.

यानंतर एक अवघड प्रश्न उभा राहिला. एवढे सगळे सहकाऱ्यांकडून आले असेल, तर मग लेखकाचे काय उरते? समीक्षिकेने संहिता घेऊन मालिका पुन्हा वाचली आणि जे शोधून काढले ते मला या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत मोलाचे वाटते. पहिल्या अंकात नायिका मोकळे प्रश्न विचारते: काय झाले, कसे वाटते, तू कुठे होतास. दुसऱ्या अंकापासून तिचे प्रश्न आखूड होत जातात. चौथ्या अंकात ती फक्त असे प्रश्न विचारते, ज्यांचे उत्तर मान हलवून देता येईल. तिने बोलण्याची ही पद्धत बदलली आहे, हे कथेत कोणीही बोलून दाखवत नाही आणि पहिल्या वाचनात ते लक्षातही येत नाही. ऐकू न येणारे माणूस संभाषणाची सूत्रे आपल्या हाती ठेवण्यासाठी किती कष्ट घेते, हे एकही दुःखाचा शब्द न वापरता सांगणे हे सर्वस्वी लेखकाचे काम होते. संहितेच्या पहिल्या खर्ड्यापासून ते तसेच होते.

पाने उलटण्याच्या जागांचेही तसेच. छापील अंकात विषम क्रमांकाचे पान उजवीकडे असते आणि ते उलटल्यावर समोर येणाऱ्या डाव्या पानाची पहिली चौकट वाचकाला आधी दिसू शकत नाही. या लेखकाने पाचपैकी चार अंकांत उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत कोणाला तरी नायिकेला हाक मारायला लावले आहे. पान उलटले की ती पाठमोरीच, आपल्या कामात गढलेली. उत्तराच्या अपेक्षेने आपण पान उलटतो आणि आपल्याला उत्तर मिळत नाही. हाक मारणाऱ्याची अस्वस्थता वाचकाच्या बोटांपर्यंत पोहोचते. संहितेत या जागा पान क्रमांकासह नोंदवलेल्या होत्या. पडद्यावर एकेक चौकट सरकवत वाचणाऱ्याला हा परिणाम मिळत नाही, म्हणून मालिका छापील स्वरूपात वाचावी अशी शिफारसही लेखात आली.

समीक्षिकेने लेख जवळपास नव्याने लिहिला. ‘या पिढीतील सर्वश्रेष्ठ’ हे विशेषण त्यांनी आपणहून काढले आणि त्या जागी प्रश्नांविषयीचा परिच्छेद घातला. रंगकामाविषयी दोन नेमकी वाक्ये आली. संहिता पाहिल्याचा आणि तिघांना प्रश्न विचारल्याचा उल्लेख लेखाच्या आरंभीच स्पष्टपणे केला.

परिणाम

लेख चांगला वाचला गेला. आमच्याकडे आलेल्या पत्रांत एरवी लेखकाच्या नावापलीकडे न जाणारी दाद या वेळी पानांचे क्रमांक आणि फुग्यांचे संदर्भ देऊन आली होती. लेटररने पाठवलेल्या दोन ओळींच्या पत्रात एवढेच म्हटले होते की आपल्या कामाबद्दल आपण प्रथमच छापील परिच्छेद वाचला.

प्रकरण इथे संपले नाही. पाचही अंकांची एकत्रित आवृत्ती निघाली तेव्हा प्रकाशकाने आमच्या लेखातील एक वाक्य मलपृष्ठावर वापरले. मूळ वाक्य असे होते: ‘लेखकाने शब्द मागे घेण्याचे धैर्य दाखवले, आणि हे धैर्य त्याला चित्रकाराच्या एका चौकटीने दिले.’ मलपृष्ठावर स्वल्पविरामापुढचा भाग नव्हता. आम्ही प्रकाशकाला पत्र लिहिले. लेखकानेही आपल्या बाजूने तीच मागणी केली, हे आम्हाला नंतर कळले. पुढच्या छपाईत पूर्ण वाक्य आले, पण पहिल्या छपाईच्या प्रती तोवर वाचकांकडे गेल्या होत्या.

काय वेगळे करता आले असते

लेख मागवतानाच मी ‘लेखकावर’ असे न म्हणता ‘या मालिकेवर, आणि त्यात लेखकाचे काम कुठे दिसते त्यावर’ असे म्हणायला हवे होते. समीक्षिकेने मी मागितले तेच दिले होते. आता लेख मागवताना मी सर्व सहकाऱ्यांची नावे आणि त्यांची कामे निरोपातच लिहितो, आणि संहिता मिळण्यासारखी असेल तर ती लेख लिहिण्याआधी मागवतो.

मलपृष्ठावरील वाक्याबाबत दोष केवळ प्रकाशकाचा होता असे मी मानत नाही. श्रेय वाक्याच्या दुसऱ्या भागात ठेवले की ते कापता येते. ‘चित्रकाराच्या एका चौकटीने लेखकाला शब्द मागे घेण्याचे धैर्य दिले’ असे लिहिले असते, तर कात्री कुठे लावायची हा प्रश्नच उद्भवला नसता. स्तुतीची वाक्ये लेखातून सुटी होऊन फिरतात हे माहीत असताना ती सुटी असतानाही खरी राहतील अशा रीतीने बांधणे संपादकाच्या हातात असते.

सर्वांत मोठी चूक मात्र तिसरीच होती आणि ती पूर्णपणे माझी होती. समीक्षिकेच्या दुसऱ्या खर्ड्यात तिसऱ्या अंकावर एक प्रतिकूल परिच्छेद होता. त्या अंकात एक डॉक्टर दोन पाने श्रवणदोषाची माहिती देतो. फुगे इतके भरतात की चित्राला श्वास घ्यायला जागा राहत नाही, आणि इतरत्र एवढा संयम दाखवणारा लेखक इथे वाचकावर भरवसा ठेवायला कचरला आहे, असे त्यांनी लिहिले होते. लेखाची लांबी वाढली होती, काहीतरी कापणे भाग होते आणि मी तोच परिच्छेद कापला. त्या वेळी मी स्वतःला जागेचे कारण दिले. खरे तर नव्या लेखकाच्या कौतुकात उणीव नोंदवणे मला नको वाटले होते. लेख प्रसिद्ध झाल्यावर दोन जाणत्या वाचकांनी नेमके हेच विचारले की तिसऱ्या अंकाबद्दल मौन का. लेखकानेही आभाराच्या पत्रात लिहिले की त्या दोन पानांविषयी कोणी तरी बोलेल अशी आपली अपेक्षा होती, कारण ती आपल्यालाच खटकत आहेत.

वर्षभराने त्याच लेखकाच्या नव्या मालिकेचा पहिला अंक आला, तेव्हा तो कापलेला परिच्छेद मी समीक्षिकेला परत पाठवला आणि त्याचे काय करायचे हे त्यांच्यावर सोपवले. नव्या अंकातही गुंतागुंतीची माहिती देणारा एक प्रसंग आहे. या वेळी लेखकाने तो चार चौकटींत, सहा शब्दांत आणि एका अर्धवट मिटलेल्या फाईलच्या चित्रात संपवला आहे. समीक्षिकेने जुना परिच्छेद नव्या लेखाच्या सुरुवातीला जसाच्या तसा ठेवला आणि लगेच पुढे त्या चार चौकटींचे वर्णन केले, त्यातील फाईल अर्धवट मिटण्याची कल्पना चित्रकाराची होती या नोंदीसह.